आपण समुद्रही मॅचसारखा बघतो!

सिडनीत सोमवारी सकाळी तुम्हाला दोनच प्रश्न विचारले जातात. तुम्ही कॉफीच्या रांगेत असा, लिफ्टमध्ये असा, नाहीतर ट्रामची वाट बघत असा. पहिला प्रश्न, वीकएण्डला पाण्यात गेलीस की नाही? आणि दुसरा, तू कुठल्या टीमची? बस्स! व्हिसा कुठला, पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, 'गुड न्यूज' कधी... आपल्याकडच्या या कम्पल्सरी पेपरातला एकही प्रश्न नाही. मला पहिल्या महिन्यात हे सॉलिड आवडलं होतं. मग हळूहळू लक्षात आलं, की हा पेपर दिसतो तितका सोपा नाहीये.

दुसऱ्या प्रश्नाचं टेन्शन नव्हतं. बघण्याच्या बाबतीत आपण वर्ल्ड चॅम्पियन! आयपीएलची मॅच तिकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होते, तेव्हा इथे रात्रीचे बारा वाजलेले असतात. तरी एप्रिल-मे महिन्यांत इथल्या मराठी घरांतले दिवे चालूच. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून माझा नवरा हेडफोन लावून मॅच बघतो आणि सिक्सर बसली की तोंडावर उशी दाबून ओरडतो. सकाळी नऊच्या मीटिंगला डोळे जास्वंदीसारखे लाल. पण एक मॅच चुकवेल तर शपथ!

पाण्याचं मात्र तसं नसतं. ते नुसतं बघून येत नाही. तीन वर्षांत या शहराने तुला काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. आपण भारतीय माणसं समुद्रही मॅचसारखा बघतो. स्टॅण्डमध्ये बसून!

प्रेक्षकाचाही पुतळा

आधी आपल्या होमपिचवर येऊ. मी राहते रॅण्डविकला. सिडनी क्रिकेट ग्राउंड, म्हणजे एससीजी, इथून ट्रामने अगदी जवळ. हिरव्या छपराचं मेंबर्स पॅव्हिलियन १८८६ चं, लेडीज स्टॅण्ड १८९६ चा. जानेवारी २००४ मध्ये सचिनने इथेच नाबाद २४१ काढले होते, आपला लाडका कव्हर ड्राइव्ह कपाटात कुलूपबंद करून. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, २४ एप्रिल २०२३ ला, इथल्या एका गेटला त्याचं आणि ब्रायन लाराचं नाव देण्यात आलं. पाहुण्या टीमचे खेळाडू त्याच गेटातून मैदानात उतरतात. त्यामुळे नाशिकहून कुणीही आलं, की ऑपेरा हाऊस, हार्बर ब्रिज आणि एससीजीच्या बाहेर एक फोटो, असं माझं पॅकेजच ठरलेलं आहे.

पण माझी फेव्हरिट गोष्ट वेगळीच. या ग्राउंडमध्ये चक्क एका प्रेक्षकाचा पुतळा आहे! नाव स्टीफन गॅस्कॉइन, टोपणनाव 'याबा'. धंदा दारोदार ससे विकण्याचा. त्यामुळे आवाज कमावलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हा माणूस मैदानाच्या कडेच्या गवताळ टेकाडावर बसायचा आणि खेळाडूंवर अशा काही कॉमेंट्स टाकायचा, की लोक मॅचइतकेच त्याला ऐकायला यायचे. २००८ मध्ये, जिथे ते टेकाड होतं तिथल्या व्हिक्टर ट्रम्पर स्टॅण्डमध्ये, त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला. वानखेडेच्या नॉर्थ स्टॅण्डमध्ये असे किती याबा होऊन गेले असतील! आपण त्यांना गप्प बसायला सांगितलं, यांनी पुतळा उभारला.

तर 'तू कुठल्या टीमची?' या प्रश्नाला 'इंडिया' हे उत्तर चालत नाही. 'ते माहितीये गं, पण इथे कुठली?' असा पुढचा प्रश्न येतोच. ब्रिटनमध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या पुढाऱ्याने १९९० मध्ये हाच मुद्दा वाकडा करून मांडला होता. बाहेरून आलेली माणसं क्रिकेटमध्ये कुणाला चिअर करतात यावरून त्यांची निष्ठा ओळखा, असा त्याचा फंडा. बरीच बोंबाबोंब झाली होती त्यावर. मला इथे तरी कुणी अशी परीक्षा घेताना भेटलं नाही. क्रिकेटला इंडिया, पण हिवाळ्यात एक लोकल टीम हवीच, एवढंच त्यांचं म्हणणं. टीम नसेल तर सोमवारी बोलायचं काय?

मी निवडली सिडनी स्वॅन्स. एससीजीवरच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालतो. इथे त्याला लाडाने 'फुटी' म्हणतात. क्रिकेटचंच गोल मैदान, एका बाजूला अठरा जण आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून बॉल गेला तर सहा पॉइंट्स. थोडक्यात हुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक पॉइंट! हुकल्याबद्दल मार्क देणारा दुसरा खेळ मी बघितला नाही. दहावीच्या भूमितीला ही सिस्टीम असती, तर आज मी मास कॉम करून फ्रीलान्स पत्रकार झाले असते का, देव जाणे.

आणि स्वॅन्सच का? कारण ही टीमच मुळात परप्रांतीय आहे. मेलबर्नचा साऊथ मेलबर्न क्लब १९८२ मध्ये बाडबिस्तरा उचलून सिडनीत आला. या शहराला तेव्हा रग्बीचं वेड, फुटीला विचारतंय कोण! हळूहळू लोकांनी आपलं म्हटलं. १९३३ नंतर थेट २००५ मध्ये, म्हणजे बहात्तर वर्षांनी त्यांनी कप जिंकला. २०२४ च्या फायनलमध्ये ब्रिस्बेनकडून साठ पॉइंट्सनी सडकून मार खाल्ला, तर मी अख्खा रविवार कुणाशी धड बोलले नाही. नवरा म्हणाला, 'झालीस तू सिडनीकर.'

चौपाटी मेंटॅलिटी

म्हणजे एका पेपरात पास. आता पहिला प्रश्न.

मी नाशिकची. पाणी लहानपणापासून बघितलेलं. 'बघितलेलं' हाच शब्द बरोबर आहे. गोदावरीला पूर आला की अख्खं शहर काय करतं? पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते बघायला जातं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असा स्कोअर फोनवरून पुढे सरकतो. बाबा गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. आई त्याच विहिरीच्या काठावर धुणं धूत मोठी झाली, पण तिला कुणी डबा बांधला नाही. मी पालिकेच्या तलावावर मे महिन्याच्या सुट्टीत लेडीज बॅचला शिकले, फुल लेगिंग्ज घालून. समुद्र म्हणजे तर आपल्याकडे भेळ, कुल्फी, घोडागाडी आणि पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडून काढलेला फोटो. मजा आहे त्यात, नाही कशाला म्हणू? पण ती प्रेक्षकाची मजा आहे.

इथे नेमका लोच्या होतो. इथली पोरं रविवारी सकाळी बीचवर 'निपर्स' नावाच्या क्लबात जातात. पाच वर्षांपासून पुढची चिल्लीपिल्ली रंगीत टोप्या घालून लाटा ओळखायला शिकतात. आपण येतो अठ्ठाविसाव्या वर्षी, डायरेक्ट एअरपोर्टवरून. पहिल्याच वीकएण्डला बॉण्डाय बीच, कारण फोटो टाकायचा असतो. पाणी निळंशार, गर्दी हसरी, सगळेच पाण्यात. मग आपणही जातो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतल्या मराठी ग्रूपची पिकनिक होती बॉण्डायला. ठेपले, बटाटेवडे, अंताक्षरी, फुल धम्माल! दोन विद्यार्थी, वय असेल वीस-एकवीस, जीन्स दुमडून पाण्यात गेले. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये खूप गर्दी होती, म्हणून बाजूला जिथे पाणी एकदम शांत दिसत होतं तिथे. दहा मिनिटांत त्यांची डोकी लिंबाएवढी दिसायला लागली. आम्हाला वाटलं हात हलवून टाटा करताहेत. सुदैवाने जीवरक्षकाला तसं वाटलं नाही. शिट्टी, बोर्ड, रबरी बोट... दोघं किनाऱ्यावर आले तेव्हा हसत होते, पण ओठ पांढरेफटक. एकाने सगळ्यात आधी विचारलं, 'आईला कुणी कळवलं नाही ना?' त्यानंतर अंताक्षरी कुणालाच सुचली नाही.

ते शांत पाणी म्हणजे 'रिप'. लाटा किनाऱ्याकडे जे पाणी आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधतं. वाळूत पडलेल्या खोल पट्ट्यातून ते झपाट्याने आत वळतं. त्या पट्ट्यावर लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून पाणी गडद आणि गुळगुळीत दिसतं. नवख्या माणसाला वाटतं, हीच सेफ जागा! बॉण्डायच्या दक्षिण टोकाच्या रिपचं नावच 'बॅकपॅकर्स एक्स्प्रेस' आहे. बसमधून उतरलेला पाहुणा सरळ चालत गेला की त्याच्या तोंडी जातो, म्हणून.

प्रत्येक वेळी बोट वेळेवर पोचतेच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडवर, जीवरक्षक नसलेल्या एका किनाऱ्यावर, भारतीय वंशाचे चार जण बुडाले. त्या आठवड्यात इथल्या प्रत्येक भारतीय घरात तिकडून फोन आले. 'तुम्ही पाण्याजवळ जाऊ नका हं!' माझ्याही आईचा आला. पण मला वाटतं, हा सल्ला उलटा आहे. समुद्राच्या देशात राहून पाण्याजवळ जायचं नाही, हे किती दिवस चालणार? पाण्याजवळ जा, पण आधी शिका. वय कितीही असो.

दिवसाढवळ्या पोहायला बंदी

आणि ऑस्ट्रेलियन माणूस काही पोटातून पोहायला शिकून येतो असं नाही. त्यांनाही हे भांडून मिळवावं लागलं. एके काळी इथे दिवसाउजेडी समुद्रात उतरणं बेकायदा होतं, कारण काय तर असभ्य दिसतं! १९०२ मध्ये मॅनली इथल्या विल्यम गोशर नावाच्या माणसाने, जो एका स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक होता, आपल्या पेपरात जाहीर करून भरदिवसा डुबकी मारली. पुढच्या वर्षी तिथल्या नगरपालिकेने नियम सैल केला, अट एकच, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकलेलं हवं. पत्रकार बिरादरीने समाजासाठी काय केलं असं पुन्हा कुणी विचारलं, तर माझं उत्तर तयार आहे.

बायकांची गोष्ट याहून भारी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदाच पोहण्याची स्पर्धा मिळाली. सिडनीच्या फॅनी ड्युरॅक आणि मीना वायली तयारीत होत्या. पण इथल्या महिला जलतरण संघटनेचा नियम असा, की पुरुष प्रेक्षक असतील तिथे बायकांनी पोहायचं नाही. बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या रोझ स्कॉट तेव्हा संघटनेच्या अध्यक्ष होत्या, आणि त्याच या नियमावर ठाम. शेवटी लोकांच्या रेट्यापुढे नियम वाकला. दोघी गेल्या. शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये ड्युरॅकला गोल्ड, वायलीला सिल्व्हर! मीनाच्या वडिलांनी १९०७ मध्ये बांधलेले 'वायलीज बाथ्स' कूजी किनाऱ्याच्या कडेला आजही आहेत. लेगिंग्ज घालून लेडीज बॅचला गेलेल्या कुठल्याही मुलीला ही गोष्ट आपलीच वाटेल.

वायलीज बाथ्स हा समुद्रातला पूल. सिडनीच्या किनाऱ्यावर असे तीसेक पूल आहेत, बरेचसे फुकट. कातळाला लागून भिंत घातलेली, लाट भिंतीवरून आत येते आणि पाणी ताजं होतं. म्हणजे पाणी समुद्राचं आणि भरवसा तलावाचा. ब्रॉण्टीचा पूल १८८७ चा. बॉण्डायचा 'आइसबर्ग्ज' तर जगभरच्या फोटोंत आहे. त्या क्लबाचं मेंबर व्हायचं तर पाच वर्षं हिवाळ्यातल्या चारपैकी तीन रविवारी पोहायला लागतं. आपल्या जिमच्या वार्षिक मेंबरशिपचं काय होतं ते आठवून बघा!

आई आणि जेमिमा

वायलीजच्या शेजारीच आहे मॅकायव्हर्स लेडीज बाथ्स. फक्त बायका आणि लहान मुलं. १९२२ पासून बायकांचाच एक क्लब तो चालवतो. दाराशी नाणं टाकायचं आणि आत जायचं. कुणी बिकिनीत, कुणी बुर्किनीत (तीही सिडनीचीच, आहेदा झनेट्टी या बाईंनी २००४ मध्ये काढलेली), कुणी ऑपरेशनच्या खुणा उन्हात वाळवत पडलेली. कुणी कुणाकडे बघत नाही. बघण्यात एक्स्पर्ट असलेल्या मला हे नवीन होतं.

माझी आई मागच्या दिवाळीत तीन महिन्यांसाठी आली. वय अठ्ठावन्न. क्रिकेटची कट्टर फॅन, पोहणं शून्य. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. इथे रात्री साडेआठला सुरू झाली. उरलेल्या चकल्या आणि चिवडा घेऊन आम्ही बसलो. ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्यावर नवरा 'उद्या स्कोअर सांगा' म्हणून झोपायला गेला. आई हलली नाही. 'आपली जेमिमा आहे अजून,' म्हणाली. जणू काही भाचीच! ८२ वर असताना एलिसा हिलीच्या हातून जेमिमाचा झेल सुटला, तेव्हा आईने देवाला काय कबूल केलं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. जेमिमाने शंभर झाल्यावर बॅटही उंचावली नाही. नाबाद १२७. पहाटे चारच्या सुमारास आपण जिंकलो तेव्हा ती मैदानावर रडत होती आणि आई आमच्या सोफ्यावर.

झोप कुणाला येणार? साडेपाचला शेजारच्या बाई टॉवेल घेऊन बाहेर पडल्या. सत्तरी पार केलेल्या, रोज पोहणाऱ्या. इथे त्यांना नावाने हाक मारायची असते, माझी जीभ अजून वळत नाही. आमचे सुजलेले डोळे बघून त्यांना कळलंच. 'तुमच्या पोरी भारी खेळल्या,' त्या म्हणाल्या आणि आईला विचारलं, 'येतेस पाण्यात?' आई मला म्हणाली, 'चल, नुसतं बघून तरी येऊ.'

नुसतं बघणं अर्धा तास चाललं. मग तिने पाय सोडले. मग पायऱ्या उतरली, माझा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालून. ऑक्टोबरअखेरचं पाणी चांगलंच गार. शेजारच्या बाईंनी एक हात तिच्या मानेखाली धरला, मी एक पाठीखाली. दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम कळत होती. 'मान सैल सोड' एवढं मी भाषांतर केलं. आई डोळे घट्ट मिटून रामरक्षा पुटपुटत होती. मध्येच थांबली. आम्ही हात काढले. पाच-सहा सेकंद असतील. ती तरंगत होती.

घरी येताना बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'कान पाण्यात गेले ना, की सगळे आवाज बंद होतात. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा मला कुणी हाक मारत नव्हतं.'

जायच्या आधी तिने पालिकेच्या पूलवर मोठ्यांच्या क्लासचे आठ धडे घेतले. आता नाशिकला लेडीज बॅचला जाते. परवा फोनवर आवाज खाली करून म्हणाली, 'आज पाच फुटात गेले. बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटतं मी योगाला जाते.' मी म्हटलं, त्यांना बोलव ना बघायला. तर म्हणते, 'बघायला कशाला? त्यांना म्हणावं, उतरा!'

पाण्यात उतरताय? मग हे फंडे क्लिअर ठेवा

लाल-पिवळे झेंडे दिसले तर त्यांच्या मध्येच पोहा. झेंडे नसतील तर त्या दिवशी फक्त फोटो.

गडद, गुळगुळीत, लाटा नसलेला पट्टा दिसला तर तिथे जाऊ नका. ती शांतता नाही, रिप आहे.

रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. ती खाली ओढत नाही, आत नेते. दमाल तर बुडाल. पाठीवर तरंगा, एक हात वर करा, मदतीची वाट बघा.

जीन्स, साडी, ओढणी घालून नको. भिजलेलं सुती कापड जड होतं.

कुणी बुडताना दिसलं तर मागे उडी मारू नका. जीवरक्षकाला बोलवा, ऑस्ट्रेलियात तीन वेळा शून्य फिरवा आणि तरंगेल अशी कुठलीही वस्तू त्याच्याकडे फेका.

आणि पोहता येत नसेल तर मोठ्यांच्या क्लासला नाव घाला. पहिल्या दिवशी लाज वाटेल. दुसऱ्या दिवशी कळेल, की बॅचमधल्या सगळ्यांनाच वाटतेय!